वाचक विचारतात : गाण्यांसाठी वेगळा प्लेअर घ्यावा का?

फोन असतानाही फक्त गाण्यांसाठी छोटा प्लेअर घ्यावा का, आणि घ्यायचाच तर कमी पैशांत कोणता, या विषयावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझं बजेट पाच-सहा हजार. ऑनलाइन बघावं तर प्रत्येक प्लेअरच्या जाहिरातीत 'हाय-रेझ', '३२ बिट', 'ड्युअल डॅक' असलं काहीतरी लिहिलेलं असतं. नेमकं काय बघून घ्यायचं? (सांगली)

उत्तर : हे तिन्ही शब्द सोडून द्या. सीडीवरचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ असतो आणि रोजच्या ऐकण्याला तो पुरून उरतो. डॅक म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचं कानाला ऐकू येईल अशा लहरींत रूपांतर करणारी चिप. आज बऱ्यापैकी प्लेअरमधली ही चिप सीडीच्या दर्जाचं काम बिनबोभाट करते. डोकेदुखी ठरतात त्या वेगळ्याच गोष्टी, आणि त्या जाहिरातीत नसतात.

आधी बटणं बघा. आवाज कमी-जास्त, पुढचं-मागचं गाणं आणि थांबा-चालू, यांना खरी, उठावदार बटणं हवीत. प्लेअर खिशात असतो. दर वेळी बाहेर काढून दीड इंचाच्या काचेवर घामट बोट फिरवावं लागलं, तर आठवड्याभरात तो कपाटात जाईल. बटणं लॉक करायची सोय आहे ना, तेही पाहा.

मग आवाजाच्या पायऱ्या मोजा. काही स्वस्त प्लेअरमध्ये शून्यापासून कमालपर्यंत जेमतेम पंधरा पायऱ्या असतात. चौथीवर ऐकू येत नाही आणि पाचवीवर कान दुखतो! तीस किंवा जास्त पायऱ्या असल्या तर रात्री शांततेतही हवा तेवढाच आवाज ठेवता येतो.

तिसरी चाचणी दुकानातच होते. स्वतःचे इअरफोन घेऊन जा, गाणं थांबवा आणि ऐका. मागे सतत 'स्स्स' ऐकू आलं, किंवा स्क्रीन उजळली की 'टिक' वाजलं, तर तो प्लेअर नको. ही खरखर हळू गाण्यांत, तानपुऱ्याच्या मागे कायम ऐकू येत राहते.

फोल्डरप्रमाणे गाणी शोधता येतात का, बंद करून चालू केल्यावर तिथूनच पुढे वाजतं का आणि कार्ड किती जीबीपर्यंत चालतं, हे विकत घेण्याआधी माहीत हवं. बॅटरीचे लिहिलेले तास मात्र स्क्रीन बंद, मध्यम आवाज आणि वायरचे इअरफोन धरून असतात. ब्लूटूथ लावलं की ते कमी होणारच.

तुमच्या बजेटच्या आसपास फिओ कंपनीच्या 'स्नोस्काय' नावाखाली येणारा 'एको मिनी' आहे. कॅसेटसारखा दिसतो, टच नाही, बटणांवर चालतो, आतली जागा ८ जीबी आणि कार्ड २५६ जीबीपर्यंत. थोडे जास्त पैसे घातले तर 'हायबी आर १' मिळतो. तो टच स्क्रीनचा आहे आणि लॅपटॉपला जोडून बाहेरचा डॅक म्हणूनही चालतो. खिशातल्या वापराला आमचं मत बटणांच्या बाजूने. ४.४ मिलिमीटरच्या 'बॅलन्स्ड' खाचेसाठी जास्त पैसे मोजू नका, कारण तशा पिनेचे इअरफोन तुमच्याकडे बहुधा नसतील.

सहा हजारांतले बाराशे-पंधराशे इअरफोनसाठी राखून ठेवा. आवाजातला कानाला कळणारा फरक तिथेच पडतो. सोबत येणारी तिन्ही मापांची रबरी टोकं घालून बघा. टोक कानात घट्ट बसलं नाही तर तबल्याचा डग्गा गायब होतो, आणि लोक प्लेअरला नावं ठेवत बसतात.

प्रश्न : रोज डोंबिवली ते सीएसएमटी लोकलने जातो. गाणी ॲपवर डाउनलोड केलेली आहेत. ती प्लेअरमध्ये टाकता येतील का? (डोंबिवली)

उत्तर : नाही. जिओसावन, गाना, स्पॉटिफाय यांसारख्या ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं कुलूपबंद असतं. ते त्याच ॲपमध्ये, सदस्यत्व चालू असेपर्यंतच वाजतं. कार्डावर कॉपी केलंत तरी प्लेअरला ती फाइल ओळखता येणार नाही. साध्या प्लेअरमध्ये ॲपही बसत नाही. अँड्रॉइडवर चालणारे प्लेअर आहेत, पण पाच-सहा हजारांतल्या प्लेअरमध्ये जुनं अँड्रॉइड आणि अपुरी मेमरी असते. आज चालणारं ॲप वर्ष-दोन वर्षांत 'अपडेट करा' म्हणून अडून बसतं.

तेव्हा तुम्ही प्लेअर घेऊच नका. फोनच्या टाइप-सी खाचेत बसणारा आणि ३.५ मिलिमीटरची पिन घेणारा डॉंगल घ्या; काम भागेल. स्वतःच्या फाइली असतील, सीडीवरून उतरवलेल्या किंवा विकत घेतलेल्या, तरच वेगळ्या प्लेअरला अर्थ आहे.

लोकलचं एक सांगायला हवं. डब्यातल्या गोंगाटावर मात करायला आपण नकळत आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. रोज जाऊन-येऊन अडीच तासांचा प्रवास असेल तर ९० डेसिबलचा कोटा मंगळवारीच संपतो. कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्या म्हणजे बाहेरचा आवाज आपोआप कमी होईल आणि गाणं मोठं करावं लागणार नाही. गाडीतून उतरून रूळ ओलांडताना ते काढायचे, हे सांगायला नको.

प्रश्न : बाबा ७८ वर्षांचे आहेत. कीर्तनं आणि अभंग ऐकतात. बारीक स्क्रीन दिसत नाही. सारेगामाचं 'कारवाँ' घ्यावं की बाजारात मिळतो तो कार्ड घालायचा रेडिओ? (नाशिक)

उत्तर : कारवाँची मराठी आवृत्ती मिळते. मोठी गोल कळ फिरवून गाणी निवडायची, त्यामुळे वयस्कांना ती पटकन जमते. पण आतला साठा ठरावीक आहे. त्यात भर घालता येत नाही. तुमच्याकडची कीर्तनं पेन ड्राइव्हवर भरून मागच्या यूएसबी खाचेत लावावी लागतील. बाबांना जुनी गाणी हवी असतील तर कारवाँ चांगलं. ऐकणं मुख्यतः तुम्ही जमवलेल्या कीर्तनांचं असेल तर कार्डाचा रेडिओ स्वस्त आणि मोकळा पडतो.

मात्र तो घेताना दुकानात एक प्रयोग कराच. कुठलंही गाणं चार-पाच मिनिटं वाजू द्या, मग रेडिओ पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. बरेचसे रेडिओ पहिल्या फाइलीच्या पहिल्या सेकंदावर जातात. दीड तासाचं कीर्तन तासाभराने थांबवलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा नमनापासून. जिथे सोडलं तिथून वाजणारा मिळाला तर शंभर-दोनशे जास्त द्यायला हरकत नाही.

तसा मिळालाच नाही तर कीर्तनाचे तुकडे करा. 'एमपी३डायरेक्टकट' हा मोफत प्रोग्राम एमपी३ फाइल पुन्हा न दाबता, आहे त्या दर्जात कापतो. दहा-दहा मिनिटांचे नऊ तुकडे, नावं ०१ ते ०९, एका कीर्तनाचं एक फोल्डर. मग निदान फाइलीच्या सुरुवातीपर्यंत तरी बटण दाबत पोहोचता येतं. बोलण्याच्या ध्वनिमुद्रणाला ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आवाज, पुरेसं आहे. दीड तासाचं कीर्तन साधारण ४३ एमबीत मावतं.

बॅटरी कुठली आहे, तेही मागचं झाकण उघडून बघा. जुन्या नोकियातली बीएल-५सी असेल तर उत्तम, कारण ती आजही कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळते आणि नखाने काढता येते. फुगलेली दिसली, झाकण वर आलं, की लगेच बदला. दाबून बसवू नका. आणि 'प्ले'च्या बटणावर एक मखमली टिकली चिकटवा. अंधारातही बोटाला कळते.

प्रश्न : कार्डावर बारा अभंग क्रमाने भरले, पण प्लेअर १ नंतर १०, ११, १२ आणि मग २ वाजवतो. कारमध्ये तर क्रम आणखीच भलता. मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. (रत्नागिरी)

उत्तर : यात तीन वेगळ्या भानगडी आहेत.

पहिली सोपी. यंत्राला आकडा नाही, अक्षर दिसतं. '१०' मधलं पहिलं अक्षर '१', म्हणून ते '२' च्या आधी. नाव ०१, ०२ असं दोन आकड्यांत लिहा, आणि आकडे इंग्रजीतले (01, 02) ठेवा. शंभर किंवा जास्त गाणी एका फोल्डरमध्ये असतील तर तीन आकडे.

कारमधली भानगड कार्डाच्या पोटातली आहे. एफएटी३२ या फाइली ठेवायच्या जुन्या पद्धतीच्या कार्डावर कुठली फाइल कुठे आहे याची एक यादी असते, आणि फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या तोच तिचा क्रम. कॉम्प्युटर ती यादी नावांप्रमाणे लावून आपल्याला दाखवतो. कारचे बरेच स्टिरिओ आणि स्वस्त प्लेअर ती जशी आहे तशीच वाचतात. त्यातही गंमत अशी की मधलं एखादं गाणं काढून नवं टाकलं तर नवं गाणं त्या रिकाम्या जागी जाऊन बसतं. म्हणून काल भरलेलं गाणं चौथ्या क्रमांकावर वाजतं आणि आपण चक्रावतो. उपाय असा : कार्ड कोरं करा, फोल्डर एकेक करून कॉपी करा आणि शेवटी विंडोजवर 'ड्राइव्हसॉर्ट' किंवा लिनक्सवर 'फॅटसॉर्ट' चालवा. हे प्रोग्राम ती यादीच नावांप्रमाणे नव्याने लावतात. पुढे गाणी बदलली की पुन्हा चालवायचं.

तिसरी भानगड नावांची. प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नसेल तर चौकोन येतात. काहींत फॉन्ट असतो, पण अक्षरं जोडायची अक्कल नसते. मग ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागून येते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. यावर बाहेरून औषध नाही. नावं रोमन लिपीत करून टाका.

हे काम 'एमपी३टॅग' या प्रोग्रामने झटपट होतं, विंडोजवर तो मोफत आहे. फाइलींची नावं आधी रोमनमध्ये करा. मग सगळ्या फाइली निवडून 'कन्व्हर्ट'मधलं 'फाइलनेम – टॅग' वापरा, म्हणजे फाइलीच्या नावावरून आतलं शीर्षक (टॅग) भरलं जाईल. क्रमांकांसाठी 'ऑटो-नंबरिंग विझार्ड' आहे, त्यात पुढे शून्य लावायचा पर्याय सुरू करा. सेटिंगमध्ये टॅगचा प्रकार 'आयडी३व्ही२.३ यूटीएफ-१६' निवडा, २.४ हा नंतरचा प्रकार कित्येक स्वस्त प्लेअरना वाचता येत नाही आणि शीर्षक कोरं दिसतं. मुखपृष्ठाचं चित्र ५०० गुणिले ५०० पिक्सेलच्या साध्या जेपेगपेक्षा मोठं ठेवू नका. तीन एमबीचं चित्र प्रत्येक गाण्यात असेल तर गाणं बदलताना प्लेअर अडखळतो.

मॅकवरून गाणी भरणाऱ्यांना प्रत्येक गाण्याची न वाजणारी जुळी फाइल दिसते, नावाआधी टिंब आणि अधोरेषा असलेली. ती मॅकने स्वतःसाठी लिहिलेली असते. टर्मिनलमधली 'डॉट_क्लीन' ही आज्ञा ती साफ करते.

प्रश्न : १२८ जीबीचं कार्ड फार स्वस्तात मिळालं. सुरुवातीची गाणी छान वाजतात, नंतरची मध्येच तुटतात, काही नुसतीच शांत. प्लेअर बिघडला का? (ठाणे)

उत्तर : प्लेअरला दोष देऊ नका, कार्ड बनावट असण्याची दाट शक्यता आहे. आत खरी जागा ८ किंवा १६ जीबी असते. फक्त कार्डातल्या नियंत्रक चिपला '१२८ सांग' असं पढवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढची गाणी हवेत लिहिली जातात किंवा आधीच्या गाण्यांवर चढतात. कॉम्प्युटरवर नावं सगळी दिसतात, म्हणून संशय येत नाही.

खात्री करायला विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू', लिनक्स किंवा मॅकवर 'एफ३' हे मोफत प्रोग्राम आहेत. कार्ड कोरं करून चालवा. ते पूर्ण कार्ड भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून पाहतात. सेकंदाला २० एमबीच्या वेगाने १२८ जीबी लिहायलाच पावणेदोन तास लागतात, वर वाचायचा वेळ वेगळा. संध्याकाळी लावून ठेवा. नवं कार्ड घेतलं की परत करायची मुदत संपायच्या आत ही चाचणी करायची सवय ठेवा, मग दुकान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं असो की ऑनलाइन. १२८ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ११९ जीबी दिसतं, ती मात्र फसवणूक नाही. मोजण्याच्या दोन पद्धतींमधला फरक आहे.

अस्सल कार्ड असूनही 'नो कार्ड' आलं तर फॉरमॅट पाहा. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीने येतात आणि जुन्या-स्वस्त प्लेअरना फक्त एफएटी३२ समजतं. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर एफएटी३२ चा पर्याय देत नाही, 'रूफस' हा प्रोग्राम देतो. महागड्या वेगवान कार्डाची गरज नाही. फ्लॅक (काहीही न गमावता आकार कमी करणारा प्रकार) फाइल वाजवायला सेकंदाला सव्वाशे केबी पुरतात आणि साधं 'क्लास १०' कार्ड त्याच्या ऐंशी पट वेगाचं असतं.

प्रश्न : शास्त्रीय संगीताच्या दोनेकशे सीडी आहेत. फ्लॅक करू की एमपी३? आणि विलंबित संपून द्रुत सुरू होताना प्लेअर क्षणभर गप्प होतो, ते कसं टाळायचं? (पुणे)

उत्तर : आधी जागेचा हिशेब. तासाभराची सीडी कच्च्या स्वरूपात ६३५ एमबी भरते. फ्लॅकमध्ये तिचा काहीही न गमावता साधारण निम्मा आकार होतो, ३२० केबीपीएस एमपी३ मध्ये १४४ एमबी आणि १२८ मध्ये ५८. दोनशे सीडींना सरासरी ३५० एमबी धरले तरी ७० जीबी. म्हणजे १२८ जीबीच्या एका कार्डावर सगळं फ्लॅकमध्ये मावतं. मग एमपी३ कशाला? सीडी जुन्या होतात, त्या एकदाच आणि नीट उतरवाव्यात. पुढे कधी एमपी३ लागलाच तर फ्लॅकवरून करता येतो, उलटं नाही.

ती क्षणभराची शांतताही फ्लॅकने बरीचशी सुटेल. एमपी३ आवाजाचे ठरावीक मापाचे तुकडे करतो. एक तुकडा ११५२ नमुन्यांचा, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचा. ट्रॅकचा शेवट त्या मापात बसला नाही की उरलेली जागा शांततेने भरली जाते, आणि सुरुवातीलाही थोडी भर पडते. चित्रपटगीतांत हे कळतही नाही. पण विलंबितातून द्रुतात जाताना तानपुरा अखंड चालू असतो, तिथे तो खड्डा लगेच कानाला लागतो. फ्लॅकमध्ये अशी भर नसते. तरीही पुढची फाइल आधीच उघडून तयार ठेवणं प्लेअरच्या हातात आहे, त्यामुळे 'गॅपलेस' ही सोय आहे ना ते पाहा. काहींत ती सेटिंगमध्ये बंद करून ठेवलेली असते. प्लेअर घेताना अशीच जोडलेली दोन गाणी कार्डावर न्या आणि पहिल्याचे शेवटचे दहा सेकंद वाजवा, निकाल लागेल.

सीडी उतरवायला विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' वापरा, 'सिक्युअर मोड'मध्ये. खरचटलेली जागा तो पुन्हा पुन्हा वाचतो आणि नाहीच जमलं तर कुठल्या सेकंदाला चूक राहिली ते सांगतो. सीडी पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका. फ्लॅकचे ० ते ८ स्तर फक्त आकार कमी-जास्त करतात. आवाज सगळ्यांचा एकच.

मित्राकडून आलेल्या 'फ्लॅक'वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १२८ चा एमपी३ फुगवून फ्लॅक केलेला सर्रास सापडतो. आवाजातले खालचे-वरचे स्वर चित्रात दाखवणाऱ्या 'स्पेक' या प्रोग्राममध्ये फाइल उघडा. १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखी काळी पट्टी दिसली, तर ती फाइल बहुधा मुळात एमपी३ होती. अपवाद जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांचा. त्यांत वरचे स्वर मुळातच फारसे नोंदलेले नाहीत, त्यामुळे तीन मिनिटांच्या नाट्यपदाला १२८ मोनो एमपी३ सुद्धा पुरतो.

प्रश्न : जुनं गाणं ऐकायला आवाज वाढवावा तर पुढचं नवं गाणं अंगावर येतं. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : 'एमपी३गेन' वापरा. फाइल पुन्हा न दाबता, तिच्या आतला आवाजाचा आकडा दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी तो बदलतो. दर्जा तसाच राहतो आणि बदल मागेही घेता येतो. मूळ लक्ष्य ८९ डेसिबल असतं, तेच राहू द्या. सुट्या चित्रपटगीतांना 'ट्रॅक गेन' लावा, तो प्रत्येक गाणं वेगळं मोजतो. पण मैफलीला सगळ्या गाण्यांना मिळून एकच बदल करणारा 'अल्बम गेन'च लावायचा, नाहीतर हळुवार आलाप आणि चढा तराणा एकाच पातळीवर येऊन बसतील. फ्लॅक फाइलींसाठी प्लेअरमध्ये गाण्यांचे आवाज सारखे करणारी 'रिप्लेगेन' ही सोय हवी.

प्रश्न : जुना आयपॉड क्लासिक विकायला आहे. घेऊ? (म्हापसा)

उत्तर : हौस असेल तर घ्या. ॲपलने तो २०१४ मध्ये बंद केला, म्हणजे बॅटरी थकलेलीच असणार. आत फिरणारी हार्ड डिस्क आहे. कानाशी धरून गाणी बदलत राहा, 'टक्-टक्' आवाज आला तर परत द्या. इअरफोनची पिन थोडी फिरवून एका कानाचा आवाज जातो का, तेही बघा. कार्डाची खाच नाही, गाणी आयट्यून्ससारख्या ॲपलच्याच सॉफ्टवेअरमधून भरावी लागतात आणि फ्लॅक मुळात चालत नाही. 'रॉकबॉक्स' हे मोफत सॉफ्टवेअर चढवलं तर फ्लॅक चालतं, पण रोजच्या वापराला बिनकटकटीचं काही हवं असेल तर हा नाही.

प्रश्न : नवा प्लेअर फोनच्या चार्जरवर चार्जच होत नाही. (सोलापूर)

उत्तर : दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली वायर वापरत असाल. स्वस्त प्लेअरच्या खाचेत काही पैशांचे दोन रोध (रेझिस्टर) वाचवलेले असतात. ते नसले की टाइप-सी खाचेचा चार्जर समोर काही जोडलंय हे ओळखत नाही आणि वीजच सोडत नाही. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी असलेली वायर आणि साधा ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर लावा, चार्ज होईल.